हात वर केला की ड्रेस वर चढतो? आधी बाही उसवून बघा

फुग्याच्या बाह्या, बिशप बाह्या (मनगटापाशी फुलून पट्ट्यात घेतलेल्या), कोपरापाशी फुलणाऱ्या फ्रिलच्या बाह्या शिवून घेतल्या की पुढची तक्रार ठरलेली असते. खांदे उतरतात. दंडात आवळतं. हात वर केला की अख्खा ड्रेस कमरेपासून वर येतो. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती बाही पहिल्या धुण्यातच मरगळून पडते. मग टेलरकडे परत जायचं, तो मुंढा (बाही जोडायचं भोक) थोडा खोदून देतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पुढच्या ड्रेसला पुन्हा तेच.

ही तक्रार जास्त करून अंगाने भरलेल्या बायकांची असते, आणि दोषही त्यांच्याच अंगाला लावला जातो. "ताई, दंड भरलेत, तुम्हाला साधी बाहीच बरी." मला हे अजिबात पटत नाही. मी ठाण्यात शिवणकाम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींची छाती चाळीस इंचांच्या पुढची असते. मोठ्या बाहीचा ड्रेस त्यांच्या अंगावर सुरेख बसतो. चूक कटिंगमध्ये असते, आणि बाहीच्या कटिंगमध्ये ती क्वचितच सापडते. ती असते अंगाच्या, म्हणजे ड्रेसच्या धडाच्या, कटिंगमध्ये: छातीला कापड कमी, खांद्याला जास्त, आणि मुंढा गरजेपेक्षा खोल. या तीन गोष्टी जागेवर येईपर्यंत बाहीच्या कटिंगला हात लावू नका.

बिघाड कुठे आहे?

ड्रेस शिवून झालेला असेल तर दोन्ही बाह्या उसवा. अर्ध्या नाही, पूर्ण. ज्या ब्रावर तो ड्रेस घालणार आहात तीच आतून घाला, कारण ब्रा बदलली की छातीचं टोक वर-खाली होतं आणि टक्सची (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमटीची) जागा चुकते. आता बिनबाहीच्या ड्रेसमध्ये आरशासमोर उभ्या राहा आणि लोकलमधली कडी धरायला नेता तेवढा हात वर न्या. ठाणे-वाशी गाडीत उभ्याने जाणारीला हा हात रोज वर करावाच लागतो. ट्रायलला हात खाली सोडून उभं राहून काहीच कळत नाही.

बाही नसताना ड्रेस जागचा हलला नाही, तर गडबड बाहीत किंवा तिच्या जोडात आहे. बाही नसतानाही वर चढला, तर सीटला (नितंबांपाशी) किंवा कमरेला आवळतंय. सीटला कापड कमी पडलं की ड्रेस अंगाचा अरुंद भाग शोधत वर सरकतो आणि कमरेवर आडव्या वळ्या जमतात. तिथे बाहीची कितीही दुरुस्ती करा, काही होणार नाही. बाजूच्या शिवणीतली माया, म्हणजे आत ठेवलेलं जास्तीचं कापड, सोडवा.

तेवढ्यात सुरकुत्याही वाचून घ्या. ताणलेली सुरकुती जिकडे बोट दाखवते तिकडे कापड कमी असतं. लोंबणारा झोळ असतो तिथे कापड जास्त. छातीवर आडवे ताण, पुढचा घेर (ड्रेसची खालची कड) मागच्यापेक्षा उचललेला, कमरेची शिवण पुढून वर गेलेली, आणि मुंढ्याच्या पुढच्या कडेला झोळ. ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची आहेत: छातीला पुरेसं कापड नाही. काखेजवळचा तो झोळ बघून बरेच टेलर बाजूची शिवण आत घेतात. झोळ तात्पुरता जातो आणि छाती आणखी आवळते.

माप घेताना होणारी गडबड

माप भरलेल्या छातीवरून घेतलं जातं आणि साईझ त्यावरून ठरते. इथूनच सगळं बिघडत जातं. साईझ वाढली की छातीबरोबर गळा, खांदा, मुंढा, पाठ असं सगळंच वाढतं. पण अंग भरलं म्हणून खांद्याची हाडं रुंद होत नाहीत. म्हणून चाळीसच्या पुढच्या साईझचा ड्रेस छातीला नीट बसला तरी खांद्यावरून घसरतो.

दोन मापं घ्या. एक काखेतून, छातीच्या वरून, टेप पाठीवर सरळ ठेवून. ही वरची छाती. दुसरं छातीच्या टोकांवरून. ही भरलेली छाती. परदेशी पेपर पॅटर्न बहुधा या दोन मापांत 2 इंचांचा फरक धरून आखलेले असतात. समजा एकीची वरची छाती 38 आणि भरलेली 43 आहे. फरक 5 इंच. तिने 43 चा पॅटर्न घ्यायचा नाही. 38 वरच्या छातीचा, म्हणजे 40 भरलेल्या छातीचा घ्यायचा आणि राहिलेले 3 इंच फक्त पुढच्या भागात वाढवायचे. पुढचा भाग घडीवर असतो, नमुना अर्ध्याचाच, म्हणजे कागदावर दीड इंच. पाठ, गळा, खांदा तिच्या हाडांच्या मापाचेच राहतात.

हे दीड इंच कसे वाढवायचे ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुढच्या भागाचा नमुना खाकी कागदावर उतरवून घ्या आणि छातीचं टोक खूण करा. घेरापासून त्या टोकापर्यंत मधल्या रेषेला समांतर एक उभी रेघ मारा आणि तिथून ती वळवून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत न्या. दुसरी रेघ बाजूच्या टक्सच्या मधून छातीच्या टोकापर्यंत. पहिली रेघ कापत जा, पण मुंढ्याच्या शिवणरेषेपाशी थांबा. कागदाचा एक धागाभर दुवा राहिला पाहिजे. दुसरी रेघ बाजूकडून कापत आणा आणि टोकापाशी तसाच दुवा ठेवा. आता बाजूचा तुकडा बाहेर सरकवा. उभ्या रेघेच्या दोन्ही कडा समांतर राहून त्यांच्यात दीड इंचाची फट पडली की थांबा. बाजूचा टक्स आपोआप रुंद होतो आणि बाजूचा तुकडा खाली उतरतो. मधला तुकडा त्यामानाने आखूड पडतो. तो छातीच्या खाली आडवा कापून बाजूच्या घेराशी जुळेल इतका खाली सरकवा. पुढचा घेर उचलला जात होता, तो याच लांबीच्या कमतरतेमुळे.

कागद चिकटवा. टक्स खूप रुंद झाला असेल, आणि दीड इंचाला तो होतोच, तर त्याचे दोन टक्स करा किंवा सरळ प्रिन्सेस कटमध्ये (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणीत) घालवा. मी स्वतः अशा मापाला प्रिन्सेस कटच घेते. एकाच मोठ्या टक्सचं टोक छातीवर सुळक्यासारखं उभं राहतं. कमरेलाही दीड इंच वाढलेला असतो, तो कमरेच्या टक्समध्ये घ्या. ज्या टेलरला कटोरी ब्लाउज चांगला जमतो, त्याला हे एका वाक्यात समजतं, कारण कटोरीचं कामसुद्धा हेच: सपाट कापडातून खोली काढणं.

यात एक फायदा आहे. मुंढ्यापाशी दुवा शिवणरेषेवर ठेवला असेल तर मुंढ्याची लांबी बदलत नाही, त्यामुळे बाही मूळ नमुन्याप्रमाणेच बसते.

मांजरपाटाचं (कोऱ्या जाड सुती कापडाचं) अंग कच्च्या टिपेवर शिवून एकदा घालून बघा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मांजरपाट सहज मिळतो, आणि ऑर्गेंझाच्या मानाने फार स्वस्त पडतो. भरलेल्या बांध्याच्या ड्रेसला ही पायरी मी कधीच गाळत नाही.

खांदा आत, मुंढा वर

साध्या बाहीत खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते. फुग्याच्या बाहीत ती अर्धा ते पाऊण इंच आत घ्यायची. फुगा खांद्याच्या हाडावर टेकला तरच उभा राहतो. शिवण हाडाच्या बाहेर गेली की त्याला टेकायला काही राहत नाही, तो दंडावर लोंबतो, आणि छातीच्या रेषेत रुंदी वाढते. "मोठ्या बाहीत मी जास्त जाड दिसते" असं म्हणणाऱ्या निम्म्या बायकांच्या ड्रेसला फक्त खांदा आत घेण्याची गरज असते.

जड बाही खांद्याची शिवण ओढून ताणते. शिवणीत सुती टेप घाला. टेप नसेल तर अस्तराच्या कापडाची काठाची पट्टी कापून घाला. काठाचा उभा धागा ताणला जात नाही. आणि ओढणारी बाही असेल तर बोट नेक घेऊ नका. रुंद गळा आणि जड बाही एकत्र आल्यावर खांदा उतरणारच.

आता मुंढा. इथे टेलरशी थोडं बोलावं लागतं.

"मास्तर, मुंढा खाली खोदू नका."

"मग हात कसा उचलणार ताई?"

हात उचलता यावा म्हणूनच खोदायचा नसतो. मुंढा जितका खाली, तितकी बाहीची खालची शिवण काखेपासून लांब. हात वर गेला की ती शिवण अंगाचं कापड सोबत ओढते आणि ड्रेस चढतो. मुंढा काखेच्या जवळ असला की हात आपल्या जागी वळतो आणि अंग जागेवर राहतं. काखेखाली अर्धा ते एक इंच मोकळं पुरे. ठाण्यातल्या दमट हवेत घामाचा विचार करून मी एक इंचाकडे झुकते, त्याच्या पुढे जात नाही.

काखेत टोचतंय असं वाटलं तर कुठे टोचतंय ते बोटाने दाखवा. बहुतेक वेळा ते मुंढ्याच्या पुढच्या वळणावर असतं, तळाशी नसतं. तिथे मायेला दोन-तीन छोटे छेद द्या आणि पुन्हा घालून बघा. सुटल्यासारखं वाटलं तर पुढचं वळण पाव इंच आत कोरा. तळ तसाच ठेवा.

बाही कापताना

अंग बसल्यावर बाही सोपी होते. दंडाचं माप हात कोपरात वाकवून, मूठ आवळून घ्या. सरळ सोडलेल्या हाताचं माप कमी येतं. साध्या न ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या बाहीला दंडाच्या मापात किमान दीड ते दोन इंच ढील लागते. म्हणजे साडेपंधरा इंचांच्या दंडाला बाही साडेसतराची. यासाठी बाहीच्या नमुन्यावर एक उभी रेघ माथ्यापासून (खांद्याला लागणाऱ्या वरच्या टोकापासून) खालपर्यंत आणि एक आडवी रेघ काखेच्या पातळीवर मारा. माथ्याशी आणि दोन्ही काखेच्या टोकांशी दुवे ठेवून कापा आणि रुंदीत ओढा. रुंदी वाढते आणि माथ्याची उंची कमी होते. साध्या बाहीत ही गेलेली उंची परत द्यायची की नाही यावर डोकं खाजवावं लागतं, कारण ती दिली की माथ्यावर जास्तीचं कापड उरतं आणि बाही खडबडीत बसते. फुग्याच्या बाहीत ते जास्तीचं कापड चुण्यांत जातं. भरलेल्या दंडांना फुग्याची बाही शिवायला साध्या बाहीपेक्षा सोपी आहे, हे टेलरांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

फुगा हवा असेल तर रुंदीबरोबर माथ्याची उंचीही एक ते दोन इंच वाढवा. नुसती रुंदी वाढवली तर फुगा आडवा पसरतो. छाती भरलेली असेल तेव्हा मी रुंदी बेताची ठेवते आणि उंचीला सढळ हात देते. बाही वरच्या दिशेला उठते आणि अंग लांबसडक दिसतं.

चुण्या सगळ्या मुंढ्याभर सारख्या वाटायच्या नाहीत. फार शिवणारे हातही इथे घाई करतात. मुंढ्याचा खालचा तिसरा भाग सपाट ठेवा, एकही चुणी नको. काखेत चुण्या गेल्या की त्यांचा गठ्ठा हात अंगापासून दूर ढकलतो, घाम साचतो आणि बाजूने रुंदी दिसते. जिथे सपाट भाग संपतो तिथे पुढे-मागे खुणा करा; चुण्या त्या दोन खुणांच्या मध्ये, माथ्यावर दाट, मागच्या बाजूला थोड्या जास्त, कारण हात पुढे जातात तेव्हा पाठीकडे कापड लागतं. मशीनचा टाका सर्वांत मोठा करून दोन समांतर टिपा मारा, त्यांच्या मधून पक्की शिवण जाईल एवढं अंतर ठेवा आणि बॉबिनचा दोरा ओढा. एका टिपेवर ओढलेल्या चुण्या शिवताना सुईखाली आडव्या पडतात.

सुतीला चुण्यांसाठी दीडपट ते दुप्पट कापड पुरतं. जॉर्जेट, शिफॉनला दुप्पट ते अडीचपट घ्या, नाहीतर बाही केविलवाणी दिसते. कापड आणतानाच पन्हा (कापडाची रुंदी) बघा. 44 इंच पन्ह्यात मोठ्या मापाच्या दोन फुगीर बाह्या शेजारी-शेजारी बसत नाहीत, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा ते पाऊण मीटर जास्त घ्या.

खालचा पट्टा किंवा इलॅस्टिक दंडाच्या सर्वांत जाड जागी येऊ देऊ नका. थोडा वर किंवा कोपराच्या लगेच वर आणा. इलॅस्टिक दंडाच्या मापाएवढंच कापा. जोडात जाणारा अर्धा-पाऊण इंच पुरेशी पकड देतो. काढल्यावर दंडावर लाल वळ उठत असेल तर ते बदला, सहन करू नका.

बाही कुठे संपते?

बाहीची खालची कड जिथे येते तिथे नजर आडवी फिरते. छातीच्या टोकाच्या पातळीवर संपणारा फुगा भरलेल्या छातीला सर्वांत वाईट. तो दोन इंच वर घ्या किंवा कोपरापर्यंत खाली न्या. सीट भरलेली आणि वरचं अंग नाजूक असेल तर खांद्यावरचा फुगा अंगाचा तोल साधतो. त्या बाईला मनगटापाशी गच्च फुललेली बिशप बाही देऊ नका, हात खाली सोडले की तो सगळा घेर सीटच्या शेजारी येतो. छाती भरलेली आणि सीट बेताची असेल तर उलट: माथा जवळपास साधा आणि फुलोरा कोपराखाली.

मरगळलेली बाही

रेयॉनचा फुगा उभा राहत नाही. कितीही चुण्या घाला, ते कापड लोंबण्यासाठीच आहे. त्याची बिशप बाही करा. पॉपलिन, कॅम्ब्रिक, जाडसर लिनन, टाफेटा, ऑर्गेंझा यांना स्वतःचा ताठपणा असतो. सुती आणि रेयॉन कापायच्या आधी भिजवून वाळवा, नाहीतर आवळलेला दंड पहिल्या धुण्यानंतर परत तुमच्याकडे येईल.

पावसाळ्यात सुती फुगा दुपारपर्यंत बसतो. त्याला आतून आधार द्या. ताठ नेटची चारेक इंच रुंद, दहा-बारा इंच लांब पट्टी उभी दुमडा, माथ्यावर मायेला शिवा, आणि दुमडलेली कड बाहीच्या आत सोडा. शिवणीची माया गळ्याकडे न दाबता बाहीकडे वळवा. नुसत्या या एका गोष्टीनेही फुगा उठतो. नेटची कच्ची कड दंडाला टोचू नये म्हणून तिच्यावर मऊ सुती उरेब (तिरकी कापलेली) पट्टी चढवा. ऑर्गेंझाच्या बाहीत तर मुंढ्याच्या पूर्ण शिवणीला अशी उरेब पट्टी हवीच. ऑर्गेंझाचे सुटलेले धागे काखेच्या घामट कातडीवर सुईसारखे लागतात, आणि मग सुंदर ड्रेस कपाटातच राहतो.

बलून किंवा बिशप बाहीसाठी दुसरा उपाय: आत अस्तराची साधी, दंडाच्या मापाची बाही घाला आणि बाहेरची तिच्यापेक्षा एक ते दोन इंच लांब कापून दोन्ही खाली एकत्र पट्ट्यात घ्या. बाहेरचं जास्तीचं कापड खाली उतरू शकत नाही, ते फुगून राहतं.

कापड कापून झालंय, माया उरली नाही

अशा ड्रेसलाही वाट आहे. मुंढा आधीच खोल खोदलेला असेल आणि नवीन कापड नसेल, तर काखेत कळी जोडा. बाजूची शिवण आणि बाहीची खालची शिवण जिथे भेटतात तिथे दोन्हीकडे दीड-दोन इंच उसवा. साधारण तीन इंच बाजूचा चौकोन उरेब कापा, सगळीकडे पाव इंच माया जास्त धरून. त्याचं एक टोक बाहीच्या शिवणीत, समोरचं अंगाच्या शिवणीत, आणि उरलेली दोन मुंढ्याच्या पुढच्या-मागच्या वळणावर. त्यासाठी मुंढ्याची शिवणही काखेपासून दोन्हीकडे तेवढीच सुटी करावी लागते. कोपऱ्यांवर मशीन न चालवता आधी हाताने धावदोरा घाला, घालून हात वर करून बघा, आणि मगच टीप मारा. तेच कापड नसेल तर त्याच रंगाचं अस्तराचं सुती घ्या. हात खाली असताना ते दिसत नाही, आणि घाम टिपायला पॉलिस्टरपेक्षा ते बरं.

पुढचा ड्रेस टेलरकडे टाकताना बाजूच्या शिवणीत आणि बाहीच्या खालच्या शिवणीत एक-एक इंच माया सोडायला सांगा, आणि ती ओव्हरलॉक करताना (कडेचे धागे मशीनने बांधताना) कापू नका हेही सांगा. ओव्हरलॉकचं पातं ती कधी खाऊन टाकतं, ते घरी आणून उलटा करेपर्यंत लक्षात येत नाही.